आप्पांनी विकलेले दहा शेअर

अमळनेर

प्रिय दिन्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धड आहेत. माझी साखर आटोक्यात, गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. फोनवर हे सांगता आलं नसतं. मी दोन वाक्यं बोललो की तू तिसरं स्वतःच पूर्ण करतोस आणि वर म्हणतोस, मला माहीतच होतं. कागदावर तरी तुला मध्ये बोलता येणार नाही.

आप्पांचं वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी बापूने माडीवरची लोखंडी पेटी उघडली. शेताची खरेदीखतं, कापसाच्या हिशेबपट्ट्या, माईंचे जुने एक्स-रे, आणि तळाशी मुंबईच्या ब्रोकरची १९८३ ची पावती. विप्रो, १० शेअर, विक्री. आपल्या गावच्या तेलगिरणीतून मोठी झालेली तीच विप्रो. ते पैसे कुठे गेले हे तुला सांगायला नको. माईंना मुंबईला नेलं तेव्हा रात्रभर त्या तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपल्या होत्या. म्हणून हे तुलाच लिहितोय. बाकी कुणाला सांगितलं तर तो आधी आकडाच विचारेल.

ते शेअर आज असते तर किती झाले असते, तो आकडा बापूच्या सागरने तिथेच मोबाइलवर काढला. पन्नास कोटी! खोलीत कुणी बोलेना. मग तो म्हणाला, "आजोबांनी जरा अक्कल वापरली असती तर आज आपण कुठे असतो." बापू मान खाली घालून कागद गोळा करत राहिला. मला राग आला, पण त्याहून जास्त काळजी वाटली, कारण त्याच आठवड्यात सागर बोरीकाठचं दीड एकर गहाण टाकायची चौकशी करत होता. दहा लाख उचलायचे, शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या सौद्यांत घालायचे. आजोबांकडे नव्हतं ते कौशल्य आपल्याकडे आहे, असं त्याच्या डोक्यात बसलंय.

आकडा खरा आहे. मी कागदावर मांडून पाहिला. १९८३ चे १० शेअर १९८५ च्या एकास एक बोनसने, म्हणजे एका शेअरवर एक फुकट, २० झाले असते. १९८६ मध्ये शंभराच्या शेअरचे दहा-दहाचे तुकडे झाले, २००. मग १९८७, १९८९, १९९२ आणि १९९५, चारही वेळा एकास एक: ३,२००. १९९७ मध्ये एकास दोन: ९,६००. १९९९ मध्ये दहाच्या शेअरचे दोन-दोनचे पाच: ४८,०००. २००४ ला एकास दोन आणि २००५ ला एकास एक: २,८८,०००. २०१० ला तीनास दोन: ४,८०,०००. २०१७ ला दुप्पट, २०१९ ला तीनास एक: १२,८०,०००. डिसेंबर २०२४ च्या एकास एकनंतर २५,६०,०००. भाव २०० रुपये धरला तर ५१ कोटी २० लाख. लाभांश वेगळा. २०१३ मध्ये वनस्पती आणि साबणाचा धंदा वेगळ्या कंपनीत काढला, तो हिशेबही मी यात धरलेला नाही. (म्हणजे आज ज्याच्याकडे विप्रोचा शेअर आहे, त्याच्या कागदात आपल्या गावच्या तेलाचा थेंबही उरलेला नाही. हे सागरला माहीतही नसेल.)

आता या रांगेत किती वेळा विकायचा मोह होतो ते बघ. एकास एक बोनस मिळाला की कागद दुप्पट होतात आणि भाव निम्म्यावर येतो. घरात कुणीतरी म्हणतंच, निम्मे विकून टाक, मुद्दल तरी सुटेल. एवढ्या वेळा हे ऐकून एकदाही हात हलवायचा नाही! फेब्रुवारी २००० मध्ये भाव शिखरावर गेला आणि पुढच्या दीड वर्षात त्यातला बहुतेक उतरला. तेव्हा धरून बसणं वेगळं, आणि आज मोबाइलवर गुणाकार करणं वेगळं.

गावात ज्यांच्याकडे शेअर टिकले ती घरं डोळ्यांसमोर आण. कुणाची अडत होती, वर्षाचं पोट तिच्यावर भागायचं. कुणाची मुलं नोकरीला लागलेली. कुठे कागद ज्यांच्या नावावर ते गेले, वारसांचं आपसात पटेना, म्हणून सह्या झाल्याच नाहीत आणि शेअर जागच्या जागी राहिले. भांडणाने कोट्यधीश झालेली घरं आहेत ही, दिन्या! यातल्या एकाने तरी १९८३ मध्ये बसून ठरवलं होतं का, की ही कंपनी पुढे संगणकाच्या धंद्यात एवढी मोठी होणार आणि आपण चाळीस वर्षं थांबणार? त्यांच्यावर विकायची वेळ आली नाही, एवढंच. आप्पांवर आली. माईंच्या हृदयाची झडप त्या वर्षी बिघडली, आणि घरात लगेच पैसा होईल असे ते दहा कागदच होते.

याच्याही मागे जा. २९ डिसेंबर १९४५ ला मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजींनी कंपनी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, म्हणजे पुढची विप्रो. आपला शेंगदाण्याचा पट्टा, दारात सुरत-भुसावळ रेल्वे, म्हणून गिरणी इथे. शेअरची दर्शनी किंमत शंभर रुपये. त्या काळी शंभरात जवळजवळ तोळाभर सोनं येत होतं. म्हणजे नव्या, अजून न चाललेल्या तेलगिरणीच्या कागदात तोळाभर सोनं घालून विसरू शकेल, अशाच माणसाच्या दारात हे नशीब येऊ शकत होतं. शेंगा फोडणाऱ्या बाया आणि पोती वाहणारे हमाल त्या रांगेत उभेच राहू शकत नव्हते. कष्ट त्यांचे कुणापेक्षा कमी होते का?

आणि तोळाभर सोनं बाजूला असलेला हुशार, व्यवहारी माणूस १९४६ मध्ये अमळनेरात कुठे गेला असता? प्रताप मिलमध्ये. चालती गिरणी, नाव असलेले शेठजी, पिढ्यान्पिढ्या लागणारं कापड. अभ्यास करणाऱ्याने मिलच निवडली असती आणि त्याचं काही चुकलं नसतं. मिल बंद पडली. ज्याने घाईत, किंवा कुणाच्या भिडेखातर तेलगिरणीचा कागद घेतला, त्याचे नातू आज बंगल्यात. निवडीच्या वेळची अक्कल आणि शेवटचा निकाल यांचा इथे मेळ बसत नाही.

इथवर वाचून तू मांडीवर थाप मारली असणार. प्रताप कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये टेबल बडवून हेच सांगायचास: मोठा पैसा नशिबाचा, कष्टाने फक्त पोट भरतं. थांब, सगळं पारडं तुझ्याकडे जात नाही.

प्रेमजींचंच घे. ऑगस्ट १९६६ मध्ये वडील गेले म्हणून अझीम प्रेमजी एकविसाव्या वर्षी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून परतले. भागधारकांच्या सभेत एकाने त्यांना तोंडावर सुनावलं होतं की हे तुम्हाला झेपायचं नाही, कंपनी विकून टाका. घरची गिरणी हाती आली हे नशीब. मग १९७३ चा फेरा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा आला, परदेशी कंपन्यांना इथला वाटा ४० टक्क्यांपर्यंत उतरवायला सांगितलं गेलं, संगणकवाल्या आयबीएमने मानलं नाही आणि १९७८ मध्ये ती देशातून गेली. संगणकाचा बाजार रिकामा झाला. हेही नशीबच, पण ते एकट्याच्या वाट्याला आलेलं नव्हतं. त्याच रिकाम्या जागेत एचसीएल होती, डीसीएम होती, सरकारची ईसीआयएल होती. वनस्पती तूप विकणाऱ्या कंपनीने बंगळूरला माणसं जमवून मिनिकॉम्प्युटर बनवायचं ठरवलं. १९९१ नंतर आयात सैल होत गेली, देशी मशीनचा धंदा आटला, तेव्हा त्याच इंजिनिअरांना परदेशी कंपन्यांच्या संशोधनाच्या आणि सॉफ्टवेअरच्या कामाला लावलं. गाभ्याचा धंदा मरत असताना दुसरीकडे उडी मारून टिकणं याला कर्तृत्व म्हणतात आणि ते मी तुला नशिबाच्या खात्यात टाकू देणार नाही.

पण ते कर्तृत्व कुणाचं? ज्यांनी धंदा केला त्यांचं. पेटीत शेअर पडून होता त्याचं त्यात काही नव्हतं. सागर तीन वेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधतोय: कंपनी चालवणाऱ्याचं कर्तृत्व, योग्य कागद निवडल्याचं नशीब, आणि तो न विकता येण्याइतकी घरची स्थिती. पहिलं त्याच्याकडे असण्याचा प्रश्नच नाही, तो मेडिकलच्या दुकानात हिशेब बघतो. दुसरं मागून मिळत नाही. तिसरं मात्र थोडंफार आपल्या हातात असतं आणि नेमकं तेच तो गहाण टाकायला निघालाय.

इटलीतल्या कातानिया विद्यापीठाच्या तिघांनी २०१८ मध्ये संगणकावर एक प्रयोग मांडला होता, तुला आवडेल. १,००० काल्पनिक माणसं, प्रत्येकाकडे सुरुवातीला १० एकक भांडवल. हुशारी सरासरी ०.६, बहुतेकांची त्याच्या आसपास. सहा-सहा महिन्यांच्या पावलांनी ४० वर्षं. वाटेत चांगला योग आला तर हुशारीच्या प्रमाणात तो साधण्याची शक्यता, साधला तर भांडवल दुप्पट. वाईट योग आला तर हुशारी कितीही असो, भांडवल निम्मं. ४० वर्षांनी जो सर्वांत श्रीमंत झाला त्याच्याकडे २,५६० एकक होते आणि त्याची हुशारी होती ०.६१, म्हणजे आपल्यासारखीच. सगळ्यांत हुशार माणूस, ०.८९ चा, सुरुवातीच्या १० वरून ०.६२५ वर आला होता.

तू लगेच याची चौकट करून भिंतीला लावशील, म्हणून सांगतो. घटना वाटेल तशा पडतात आणि वाईट घटनेपुढे हुशारी चालत नाही, हे त्यांनी आधीच धरून चाललंय. खऱ्या जगात शहाणा माणूस काही खड्डे टाळतो. पण त्या गणितातली एक गोष्ट मला पटली: दुप्पट आणि निम्मं यांचा खेळ बेरजेचा नसतो, गुणाकाराचा असतो. १० चे ५ झाले की परत १० व्हायला ५० टक्के पुरत नाहीत, १०० टक्के लागतात. आणि एकदा शून्याने गुणलं की पुढचे सगळे बोनस शून्यालाच. आप्पांच्या रांगेत १९८३ ला शून्य आलं, म्हणून पुढची चाळीस वर्षं त्यांच्यासाठी झालीच नाहीत.

सागर काय करतोय ते बघ. दहा लाख सावकाराकडून, महिना शेकडा दोनने. म्हणजे दर महिन्याला २० हजार फक्त व्याज, वर्षाला २४ टक्के. त्यावर तो आठवड्याचे ऑप्शन घेणार, म्हणजे बाजाराचा निर्देशांक आठवड्याच्या मुदतीत वर जाईल यावर पैज. समजा लॉट, म्हणजे एका सौद्यातले नग, ७५ चा आणि नगामागे प्रीमियम, म्हणजे पैजेची किंमत, १०० रुपये, म्हणजे ७,५०० गेले. निर्देशांक खाली गेला तर ते बुडतात हे त्यालाही कळतं. पण निर्देशांक जागेवरच राहिला तरीही बुडतात, कारण मुदत संपत येते तसा प्रीमियम रोज झिजतो. दिशा बरोबर ओळखली, पण मुदतीनंतर दोन दिवसांनी बाजार हलला, तरी शून्य. वर प्रत्येक सौद्याला ब्रोकरेज, एसटीटी हा सौद्यावरचा कर, एक्स्चेंजचा आकार, जीएसटी, मुद्रांक. वायदा (फ्युचर्स) घ्यायचा तर एका सौद्याची किमान किंमत आता १५ लाख. बाजार दोन टक्के उलटा गेला की ३० हजार त्याच संध्याकाळी वळते होतात आणि मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडची अनामत, कमी पडलं तर ब्रोकर सौदा कापून मोकळा होतो. तिथे धरून बसायची सोयच नाही. आप्पांवर आयुष्यात एकदा विकायची वेळ आली. हा पोरगा ती वेळ दर आठवड्याला स्वतः घरी बोलावतोय.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच आकडे काढलेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख, सगळ्यांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. खर्च वजा जाता लाखाहून जास्त नफा कमावणारे शेकड्यात एक. सागर म्हणतो, तो एक मी. मी त्याला म्हटलं, उरलेले नव्व्याण्णवही हेच म्हणून उतरले होते. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तुझ्यासारखाच आहे, रुसला की गल्ली बदलून जातो.

अजून एक लचांड. पेटीची बातमी फुटली आणि एक एजंट दारात आला. म्हणे घेणाऱ्याने शेअर स्वतःच्या नावावर केलेच नसतील, तुमच्या फोलिओवर, म्हणजे कंपनीकडच्या शेअरखात्यावर, अजून बोनस साठलेला असेल, मी काढून देतो, टक्केवारी ठरवू, आधी वीस हजार द्या. बापू देणार होता, मी थांबवलं. पावतीवरून शेअर सर्टिफिकेटचे नंबर आणि आप्पांचं नाव घेऊन कंपनीच्या शेअरची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारला साधं पत्र टाकायचं, शिल्लक आहे का विचारायचं. सोबत मृत्यूचा दाखला आणि बापूची ओळख. बापूला एवढं कळत नाही का? कळतं रे, पण आशा लागली की माणूस दुसऱ्याच्या हातात कागद देतो. आयईपीएफ, म्हणजे बेवारस शेअर आणि लाभांश ठेवणारा सरकारी निधी, त्याच्या वेबसाइटवर नाव शोधायलाही पैसे लागत नाहीत. सलग सात वर्षं लाभांश कुणी उचलला नाही की शेअर त्या निधीत जातात. शिल्लक निघालीच, तर आधी रजिस्ट्रारकडे वारसनोंद, आयएसआर-१ फॉर्मवर केवायसी (ओळखीचे कागद), बँकेकडून सही पडताळून आयएसआर-२ फॉर्म. मग कंपनीचं हक्काचं पत्र घेऊन आयईपीएफ-५ हा दाव्याचा फॉर्म भरायचा आणि त्याची प्रत, हमीपत्र आणि डिमॅट खात्याचा उतारा कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायचा. एका कंपनीसाठी आर्थिक वर्षात एकच दावा करता येतो, म्हणून अर्धवट कागदांनी घाई करायची नाही. बहुतेक दावे अडतात ते नावाच्या स्पेलिंगवर आणि न जुळणाऱ्या सहीवर. माझा अंदाज, इथे काही निघणार नाही. आप्पा व्यवस्थित माणूस, विकले म्हणजे विकले. आणि चुकून काही निघालं, तरी ते पैसे देऊन घेणाऱ्याचं आहे. हे आप्पांनी स्वतः सांगितलं असतं.

सागरला मी काय सुचवतोय ते तुला सांगून ठेवतो, म्हणजे तुझं-माझं एकच बोलणं होईल. शेत मोकळं ठेवायचं. पगारातले तीन हजार दर महिन्याला निर्देशांकाच्या फंडात, आणि त्या खात्याचं ॲप मोबाइलवर नको. सहा महिन्यांचा घरखर्च मुदतठेवीत. आणि सगळ्यांत आधी बापू आणि वहिनींचा दहा लाखांचा आरोग्यविमा. बापूला रक्तदाब आहे, आधीपासूनच्या आजाराला आता जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून आजच घ्यायचा आणि अर्जात रक्तदाब स्पष्ट लिहायचा. लपवला तर नेमका दाव्याच्या वेळी बाहेर येतो. आपल्याकडे मेडिक्लेम १९८६ ला आला. माईंचं ऑपरेशन १९८३ चं. तीन वर्षांचा फरक होता रे. तेव्हा हातात पॉलिसी असती तर आप्पांचे दहा शेअर राहिले असते. सागरला त्यांच्या अकलेचा हिशेब मांडायचा असेल तर तो इथून मांडावा.

आणि पैशाची बाजू सोड. त्या दहा शेअरांवर माई पुढे किती वर्षं जगल्या! सागरला त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवला, त्याला बाराखडी त्यांनी शिकवली. हे त्याला मी सांगायला गेलो तर प्रवचन होतं. तू गाडीत होतास, तू सांगू शकतोस.

तुझं कसं काय? निवृत्तीचे कागद पूर्ण झाले का, ग्रॅच्युइटीचा आकडा एकदा तपासून घे. चिऊचं पुण्याचं नक्की झालं असेल तर भाड्याच्या करारावर तिचंच नाव घाल. वहिनींना नमस्कार, त्यांच्या कळण्याच्या भाकरीची आठवण येते. घराचा रंग झाला असेल तर फोटो पाठव.

रविवारी सकाळी दहाच्या आत सागरला फोन कर, दुकान बंद असतं, घरीच सापडेल. ओरडू नकोस. शेताची गोष्ट तू आधी काढू नकोस, माईंची काढ, शेतावर तो स्वतः येईल. सावकाराने स्टॅम्प पेपर आणलाय, सही पुढच्या गुरुवारी ठरली आहे असं बापू म्हणाला. सातबाऱ्यावर बापूचंही नाव आहे, त्याच्या सहीशिवाय काही होत नाही. म्हणून सागरचं झालं की बापूलाही लाव, आणि त्याला सांग की नाही म्हणायचा हक्क त्याला आहे.

तुझा,
बाळ्या

ता. क. ब्रोकरच्या पावतीची झेरॉक्स सोबत ठेवली आहे. मागच्या बाजूला आप्पांनी पेन्सिलीने मुंबईचा खर्च लिहिलाय, त्यात तुझ्या परतीच्या तिकिटाचे पैसेही आहेत. ते तू कधी घेतलेस की नाही, एवढं मला कळव.